रिकामा रकाना, निरंक रकाना

ही पुस्तिका ज्या साधनाची, ते तीन आज्ञांचं आहे. ठेव, दे, काढून टाक. किल्ली सांगितली की तिच्याखालचा मजकूर मिळतो, नवा मजकूर दिला की जुन्याच्या जागी बसतो, नको म्हटलं की जातो. संगणकवाले याला की-व्हॅल्यू डेटाबेस म्हणतात आणि बहुतेक प्रोग्रामर तो एका दुपारी शिकून मोकळे होतात. मग तीन आज्ञांसाठी एवढी जाड पुस्तिका कशाला, असं कुणीही विचारेल. प्रस्तावनेचं काम अंगावर आलं तेव्हा मीही विचारलं होतं. उत्तर दोन ओळींत मावलं नाही, म्हणून ही पानं.

फरक पडतो तो वापरणाऱ्यामुळे. हे साधन एआय एजंटाच्या हातात जायचं आहे. एजंट म्हणजे भाषेचं असं मॉडेल, ज्याला काही कामं स्वतःहून करायची मुभा दिलेली असते: हवामानाचा अंदाज मागव, बाजारभाव बघ, अर्जाचा मसुदा कर, मागच्या खेपेला काय बोलणं झालं ते आठव. यातलं शेवटचं काम मॉडेलला स्वतःच्या बळावर जमत नाही. एका बैठकीत जेवढा मजकूर त्याच्यासमोर मावतो तेवढंच त्याला ठाऊक. बोलणं संपलं की पाटी कोरी.

समजा, संग्रामपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जुलैत विचारलं, "माह्या वावरातलं सोयाबीन पिवयं पडून रायलं, काय फवारू?" पिवळं पडण्याची कारणं एकसारखी नसतात. पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक असेल तर माशीचा बंदोबस्त करावा लागतो. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नसेल तर इलाज निराळा. नुसतं पाणी साचलं असेल तर आधी चर काढायचा, फवाऱ्याचे पैसे वाया घालवायचे नाहीत. हाच शेतकरी जूनमध्ये पेरणीचं विचारताना "जमीन चुनखडीची आहे" असं सांगून गेलेला असतो. तेव्हाच्या एजंटाने ते कुठे टिपून ठेवलं असेल, तर आजचा एजंट नेमका प्रश्न विचारेल. नसेल, तर गावोगावी ऐकू येणारा सर्वसाधारण सल्ला देऊन मोकळा होईल. राज्य सरकारने जून 2025 मध्ये शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलं, त्याच वर्षी महाविस्तार हे ॲप आलं. शेतकऱ्याशी मराठीत बोलणारं यंत्र आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. त्याने ऐकलेलं लक्षात कुठे आणि कसं ठेवायचं, हा प्रश्न म्हणूनच आपल्या दारात आलेला आहे.

पुस्तिकेतली उदाहरणं बुलढाणा जिल्ह्यातली आहेत, घाटावरचीही आणि घाटाखालचीही. लेखकांनी हे केवळ जिव्हाळ्यापोटी केलेलं नाही. किल्ली सांगून मजकूर काढायची सवय या मुलखाला फार जुनी आहे. गट क्रमांक सांगा, सातबारा निघतो. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे मोजणी सुरू झाली आणि शेताच्या तुकड्याला नंबर पडला. जमिनीचा मालक मरतो, शेत विकलं जातं, भावाभावांत वाटणी होते. नंबर मात्र सहसा आपल्या जागी असतो, आणि तुकडा पडलाच तर त्याच नंबरला पोटहिस्सा जोडला जातो. चांगल्या किल्लीचा पहिला गुण हाच, की तिच्याखालचं सगळं बदललं तरी तिला बदलावं लागू नये.

तलाठी कार्यालयातली कागदपत्रं पाहिलेल्या माणसाला या पुस्तिकेचा निम्मा भाग आधीच कळलेला असेल, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. गावाचे नमुने 1 ते 21. त्यातला सातवा हक्काचा, बारावा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. पण सातबारा हा परिणाम आहे. खरी घडामोड सहाव्या नमुन्यात, फेरफार नोंदवहीत होते. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे काही घडेल त्याला तिथे ओळीने क्रमांक पडतो. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच ती सातव्या नमुन्यावर चढते. कुणी हरकत घेतली तर ते प्रकरण 6-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. त्या क्रमांकाचा माग काढत गेलं की आजोबांच्या आजोबांपर्यंत पोचता येतं.

डेटाबेसच्या अभ्यासक्रमात हीच गोष्ट फार नंतर शिकवतात आणि अवघड करून शिकवतात. 2010 मध्ये आलेला बिटकास्क हा की-व्हॅल्यू डेटाबेस घ्या. तो कुठलीही नोंद जागच्या जागी बदलत नाही. प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी नव्या ओळीने लिहितो आणि कोणत्या किल्लीची ताजी ओळ कुठे आहे, त्याची यादी स्मरणात ठेवतो. फाइल म्हणजे फेरफार नोंदवही, यादी म्हणजे सातबारा. लेव्हलडीबी, रॉक्सडीबी यांच्या पोटातली रचना निराळी आहे, 1996 च्या एका निबंधातून आलेली, पण आधी लिहीत जा आणि मागून आवर हा स्वभाव तोच. काढून टाकण्याची रीतही ओळखीची निघते. "काढून टाक" म्हटल्यावर मजकूर लगेच नाहीसा होत नाही. "ही किल्ली आता रद्द" अशी एक खूण शेवटी पडते. जुना मजकूर मागे तसाच असतो आणि पुढे कधीतरी फाइलींची आवराआवर होते तेव्हा खरोखर जातो. म्हणजे कंसच झाला.

इथे मात्र महसुलाची रीत आणि एजंटाची गरज यांच्या वाटा फुटतात, आणि पुस्तिकेतलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं प्रकरण इथूनच सुरू होतं. जमिनीच्या नोंदीत जुनं नाव दिसत राहणं हे रयतेचं संरक्षण आहे. एजंटाच्या स्मरणात जुनी गोष्ट दिसत राहणं मात्र घातक ठरू शकतं. शेतकरी बोलता बोलता सांगून जातो की सोसायटीचं कर्ज थकलंय, घरात आजारपण आहे, धाकट्याशी वाटणीवरून बोलणं बंद आहे. हे त्याने सल्ल्यासाठी सांगितलं, दप्तरी लावण्यासाठी सांगितलं नाही. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून मागण्याच्या हक्काची तरतूद आहे. तो "पुसून टाका" म्हणाला आणि एजंटाने "पुसलं" असं उत्तर दिलं, पण साधनाने नुसती रद्दची खूण मारली, तर एजंट खोटं बोलला. त्याची लबाडी नाही. साधनाच्या कागदात "काढून टाक" याचा खरा अर्थ कुणी लिहिलेलाच नव्हता. या पुस्तिकेत तो लिहिला आहे: खूण कधी पडते, आवराआवर केव्हा होते, राखीव प्रतींमध्ये मजकूर किती काळ उरतो आणि तोवर एजंटाने माणसाला कोणत्या शब्दांत काय सांगायचं. अशी पानं मराठीत तर माझ्या पाहण्यात नाहीत, इंग्रजीतही बहुतेक साधनांच्या कागदात शोधावी लागतात.

आता किल्लीच्या नावाकडे. वरकरणी हा क्षुल्लक विषय. बुलढाणा जिल्ह्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून नुसतं "देऊळगावला जायचंय" म्हणून बघा. कंडक्टर विचारणारच, कोणतं? देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव साकर्शा, देऊळगाव माळी. पिंपळगावांचं तेच: पिंपळगाव राजा खामगावकडचं, पिंपळगाव काळे जळगाव जामोदकडचं, पिंपळगाव देवी मोताळ्याकडचं, पिंपळगाव सराई बुलढाण्याजवळचं. खुद्द जळगाव म्हटलं तर घाटाखालच्या माणसाला जामोद आठवतं आणि खान्देशातल्याला स्वतःचं. लोकांनी हा घोळ शेपटं जोडून कधीच मिटवला आहे. एजंटाला मात्र शेतकरी घाईत "देऊळगाव" एवढंच सांगतो आणि तो बिनदिक्कत तेवढ्याच नावाची किल्ली करून त्याखाली माती, विहिरीचं पाणी, मागचं पीक लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देऊळगावचा माणूस विचारायला येतो आणि त्याच्या काळ्या कसदार वावराला भलत्याच मातीचा सल्ला मिळतो. यंत्राच्या लेखी चूक कुठेच झाली नाही. किल्ली तीच होती, मजकूर तोच मिळाला.

याहून कावेबाज घोटाळा डोळ्यांना दिसतही नाही. जिल्ह्याचं नाव बुलढाणा असंही लिहितात आणि बुलडाणा असंही. वर्तमानपत्रांत आणि पाट्यांवर दोन्ही सापडतात. माणूस दोन्ही एकच समजतो, संगणकाला त्या दोन किल्ल्या. हे निदान दिसतं तरी. "वऱ्हाड" आणि "वर्‍हाड" हे दोन शब्द वाचकाने शेजारी ठेवून पाहावेत. बहुतेक पडद्यांवर आणि छपाईत ते हुबेहूब सारखे दिसतील. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. युनिकोडच्या यूटीएफ-8 या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आणि त्या जोडचिन्हालाही तीन बाइट लागतात, त्या हिशेबाने पहिला शब्द 18 बाइटांचा आणि दुसरा 21 बाइटांचा. नुक्ता लावलेला र आणि ऱ यांना एक करणारी युनिकोडची प्रमाणीकरणाची रीत आहे, पण जोडचिन्हाच्या या रूपाला ती हात लावत नाही. एका कीबोर्डवरून लिहिलेली नोंद दुसऱ्या कीबोर्डवरून मागितली तर साधन उत्तर देतं: अशी किल्ली नाही. एजंट त्यावर विसंबतो आणि शेतकऱ्याला म्हणतो, आपलं आधी बोलणं झालेलं दिसत नाही, दादा.

पुस्तिकेशी माझा मतभेद इथे नोंदवतो, लेखकांच्या संमतीने. त्यांनी किल्लीत गावाचं नाव मराठीत लिहायला मुभा दिली आहे, फक्त आधी ते प्रमाणित करून घ्यावं अशी अट घातली आहे. माझ्या मते ही मुभाच नको. किल्लीत आकडे असावेत, नाव मजकुरात असावं. सातबाऱ्याचा नवा नमुना 2020 मध्ये आला, तेव्हा शासनानेही गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांक छापायला सुरुवात केली. तोच घ्यावा, त्यापुढे गट क्रमांक, त्यापुढे विषय. वाचायला रूक्ष दिसेल. पण किल्ली ही वाचून आनंद घेण्याची वस्तू नाही. मराठीचा अभिमान मजकुरात पुरेपूर दाखवता येतो.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे येतो. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारा, मासिक विवरणपत्रातला रकाना रिकामा सोडला तर काय होतं. कागद परत येतो. काही घडलं नसेल तर "निरंक" लिहायचं. कारकुनाला ही कटकट वाटते आणि ती आहेही, पण मागे धडधडीत शहाणपण आहे. निरंक म्हणजे पाहिलं आणि काही नव्हतं. रिकामा म्हणजे पाहिलं की नाही, ठाऊक नाही. या दोहोंची गल्लत झाली की वरचा सगळा हिशेब बिघडतो.

ई-पीक पाहणीत हे रोज दिसतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा, अशी सोय झाली. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा घाटाच्या कुशीत रेंज मिळत नाही, तेव्हा माणूस नोंद फोनमध्ये ठेवून घरी किंवा फाट्यावर येऊन चढवतो. कधी चढवायची राहून जाते. मग बाराव्या नमुन्यात त्या हंगामाचा रकाना कोराच. बघणारा म्हणतो, जमीन पड होती. वावरात तर हिरवीगार तूर उभी असते. अनुदान, पीकविमा, हमीभावाची नोंदणी या सगळ्यांच्या मागे तो रकाना लागलेला असल्यामुळे कोऱ्या रकान्याचा अर्थ काय घ्यायचा, हा शाब्दिक काथ्याकूट उरत नाही.

की-व्हॅल्यू साधनात "दे" म्हटल्यावर काही मिळालं नाही, तर त्याची निदान चार कारणं असू शकतात. कधी लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं, मुदत संपून गेलं. लिहिलं होतं, कुणी काढून टाकलं. किंवा आहे, पण या क्षणी त्या यंत्रापर्यंत पोचता आलं नाही. बरीच साधनं या चारही प्रसंगी एकच रिकामं उत्तर हातावर ठेवतात. मोठ्यांनाही हे सुधारायला वेळ लागला. रेडिस या नावाजलेल्या की-व्हॅल्यू साधनात एखाद्या किल्लीची मुदत किती उरली हे विचारणारी आज्ञा आहे. 2.6 आवृत्तीपर्यंत किल्ली अस्तित्वात नसली तरी उत्तर उणे एक, आणि किल्ली असून तिला मुदतच नसली तरीही उणे एक. 2.8 पासून नसलेल्या किल्लीला उणे दोन मिळू लागलं. एका आकड्याचा बदल, पण तो कागदात आवृत्तीच्या क्रमांकासकट लिहिलेला आहे, आणि दस्तऐवजीकरण म्हणजे काय हे मला त्या दोन ओळींतून जितकं कळतं तितकं मोठमोठ्या मार्गदर्शिकांतून कळत नाही.

माणसाला रिकामं उत्तर मिळालं की तो थबकतो, शेजारच्या टेबलावर विचारतो, साहेबांना फोन लावतो. एजंट थबकत नाही. मॉडेलचा कल उत्तर देण्याकडे असतो आणि रिकाम्या जागी त्याला काहीतरी पटण्यासारखं सुचतं. "या शेतकऱ्याने माती परीक्षण केलेलं नाही" हे वाक्य तो सहज लिहून जाईल, जेव्हा खरं वाक्य असायला हवं होतं: "माती परीक्षणाची नोंद मला सापडत नाही, आपण केलं आहे का?" म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेखाली "मिळालं तर" याच्यापेक्षा "मिळालं नाही तर" हा भाग मोठा आहे. कोरं उत्तर का आलं, हे साधन वेगळं सांगतं. आणि निरंक असेल तिथे एजंटाने तशी नोंद स्वतःहून लिहून ठेवायची, असा दंडक घातला आहे. विचारलं, नाही म्हणाले, अमुक तारखेला. कुणाला हे कारकुनी वाटेल. वाटू दे.

मुदतीचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण उदाहरण बोलकं आहे. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 च्या हंगामाला क्विंटलमागे 4892 रुपये होता, 2025-26 ला 5328. एजंटाने पहिला आकडा "हमीभाव, सोयाबीन" एवढ्याच किल्लीखाली ठेवला आणि मुदत घातली नाही, तर पुढच्या दिवाळीला तो चारशे छत्तीस रुपये कमी सांगेल, तेही छातीठोकपणे. हंगाम किल्लीतच घाला, हा एक उपाय. दर जिथे रोज बदलतो, खामगावच्या बाजार समितीतला आजचा भाव वगैरे, तिथे रात्री आपोआप संपणारी मुदत घाला, हा दुसरा. कुठे कोणता, हे साधन ठरवू शकत नाही.

एकाच किल्लीवर दोघांनी एकदम लिहिलं तर? बहुतेक ठिकाणी शेवटी लिहिणाऱ्याचं टिकतं, आधीच्याचं गुपचूप जातं. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये डायनॅमो या आपल्या साठवणीवर निबंध लिहिला. त्यात ग्राहकाच्या खरेदीच्या टोपलीपुरता त्यांनी उलटा मार्ग धरला होता: दोन प्रती जुळल्या नाहीत तर दोन्ही एकत्र करायच्या, म्हणजे टोपलीत टाकलेलं काही हरवणार नाही. त्याची किंमतही निबंधातच कबूल केली आहे, की काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत टोपलीत दिसते. असा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या केव्ही, म्हणजे की-व्हॅल्यू, सेवेचे कागदही असंच सरळ सांगतात, की एका ठिकाणी केलेला बदल जगात इतरत्र दिसायला 60 सेकंद किंवा जास्त लागू शकतात. हे वाक्य तिथे नसतं, तर एजंटाने स्वतः नुकतंच लिहिलेलं दुसऱ्या ठिकाणाहून वाचायला जाऊन, ते न सापडल्यावर पुन्हा लिहिलं असतं, आणि पुन्हा. या पुस्तिकेतलं साधन लहान आहे, त्याने महसुलाचा मार्ग पत्करला आहे: वाचताना जो आवृत्ती क्रमांक मिळाला तोच लिहिताना दाखवायचा, जुळला नाही तर नोंद नामंजूर, आणि दोन्ही मजकूर वादाच्या कप्प्यात. तिथला निवाडा माणसाने करायचा. आमच्या 6-अ ची ही धाकटी बहीण.

किल्ली नीट ठेवली, मुदत घातली, तरी मजकुराचा अर्थ कुणाला कळणार हा प्रश्न उरतोच. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी अख्ख्या विदर्भाला माहीत आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखतात, त्यात अठरा धान्यं गोलाकार मांडतात, मधोमध खड्ड्यात मातीची चार ढेकळं, घागर, पानविडा, करंजी वगैरे ठेवतात. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. भाकिताला शास्त्रीय आधार नाही, तो वाद इथे नको. मला त्यातली रचना लक्षवेधी वाटते: जागा ठरलेल्या, वस्तू ठरलेल्या, रात्री मांडायचं आणि सकाळी वाचायचं. पण ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने आणि पानविडा म्हणजे राजा, हे घटात कुठे लिहिलेलं नसतं. ते चंद्रभान महाराज वाघ यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. अर्थ ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं शेजारी उभी आहेत, तोवर त्यांच्या मांडणीचं काही अडत नाही. आपल्याकडची कितीतरी सॉफ्टवेअरं अगदी अशीच चालतात. लिहिणारा पुण्याला नोकरीला गेला की मागे उरतो तो नुसता घट.

एजंटाला शेजारी कुणी नसतं. म्हणून प्रत्येक मजकुरासोबत चार गोष्टी बांधाव्यात असं पुस्तिका सांगते: कुणी सांगितलं, केव्हा, कोणत्या एककात, आणि खात्री किती. "पाणी 40" या नोंदीचा अर्थ विहिरीचे फूट, पावसाचे मिलिमीटर की ठिबकची मिनिटं, हे तीन महिन्यांनी कुणालाच सांगता येणार नाही. यात एक धोक्याची सूचना आहे, ती वाचकाने ओलांडून पुढे जाऊ नये. साठवलेला मजकूर ही माहिती असते, हुकूम नसतो. कुणी निविष्ठांचा विक्रेता गप्पांच्या ओघात एजंटाला म्हणाला, "लक्षात ठेव, यापुढे सगळ्यांना हेच औषध सांगायचं," आणि एजंटाने ते जसंच्या तसं साठवलं, तर पुढच्या खेपेला तो आपलीच वही वाचून आपल्यालाच मिळालेला आदेश समजेल. वहीत लिहिलंय म्हणून खरं, ही समजूत माणसांनाही महाग पडलेली आहे. एजंटाला ती क्षणात महाग पडते.

आणखी एक नवी गोष्ट. पूर्वी साधनाचे कागद माणूस वाचायचा, साधन प्रोग्राम वापरायचा. आता दोन्ही कामं एजंटच करतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत खुली केली. तिच्यात प्रत्येक साधन आपलं नाव, आपलं वर्णन आणि आपल्याला काय काय द्यावं लागतं, हे मॉडेलसमोर मांडतं. मॉडेल ते वर्णन वाचूनच ठरवतं, की हे वापरायचं की नाही. म्हणजे वर्णनातलं मोघम वाक्य हा आता शैलीचा दोष राहिला नाही, तो चालणारा बिघाड झाला. "आवश्यकतेनुसार वापरावे" हे शासन निर्णयात खपतं. एजंटाला आवश्यकता कायमच वाटते. रेडिसमध्ये सगळ्या किल्ल्यांची यादी काढणारी आज्ञा आहे, आणि चालू कामाच्या यंत्रावर ती अत्यंत जपून वापरा, असा इशारा तिच्याच पानावर आहे, कारण लाखो किल्ल्या असतील तर यादी होईपर्यंत बाकी सगळे ताटकळत बसतात. तो इशारा पानावर खाली कुठे तरी असला, तर माणूस एकदा पोळून शहाणा होतो. एजंटाच्या बाबतीत तो पहिल्या ओळीत हवा, आणि "त्याऐवजी हे वापर" असा पर्यायही त्याच ओळीत हवा. या पुस्तिकेतल्या आज्ञांची वर्णनं म्हणूनच विचित्र वाटतील इतकी थेट आहेत. वाक्यं आखूड, कर्ता प्रत्येक ठिकाणी उघड, "इत्यादी" कुठेही नाही.

या जातीच्या साठवणीचा इतिहास पुस्तिकेत नाही, तो हवा असणाऱ्यांसाठी दोन ओळी. केन थॉम्पसन यांनी 1979 मध्ये बेल लॅब्जमध्ये डीबीएम लिहिला. 1991 च्या सुमाराला बर्कली डीबी आला. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीतल्या प्रोग्रामरने स्वतःच्या छोट्या धंद्याची अडचण सोडवायला 2009 मध्ये रेडिस केला आणि तो जगभर गेला. यातलं काहीही एजंटांसाठी बनलं नव्हतं. एजंट मागाहून आले आणि त्यांना हाताशी असलेली सर्वांत साधी वही उचलावीशी वाटली, यात नवल नाही.

पुस्तिकेतल्या उणिवाही सांगून ठेवतो. अर्थाच्या जवळिकीवरून शोधणारी साठवण, जिला व्हेक्टर म्हणतात, तिचा इथे उल्लेखापुरताच समावेश आहे. "पिवळं पडलं" आणि "पानं पिवळसर झाली" या दोन तक्रारी सारख्याच आहेत हे ओळखायला ती लागेल आणि तिच्यासाठी वेगळं पुस्तक लिहावं लागेल. सुरक्षिततेचं प्रकरण मला त्रोटक वाटलं. एका गावातल्या सगळ्यांचा एकच सामायिक फोन असतो तिथे कुणाची नोंद कुणाला दाखवायची, याला लेखकांनी बगल दिली आहे. वऱ्हाडी बोलीतली उदाहरणं चांगली आहेत, पण घाटावरच्या, जालन्याला लागून असलेल्या सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजाकडच्या बोलीची नाहीत. तिकडे शेडनेटमधल्या भाजीपाला बीजोत्पादनाचं काम मोठं आहे, आणि त्या शेतकऱ्यांच्या नोंदी सोयाबीन-कपाशीवाल्यांपेक्षा कितीतरी किचकट असतात: नर-मादी ओळी, परागीकरणाच्या तारखा, कंपनीशी झालेला करार. पुढच्या आवृत्तीत एक पूर्ण प्रकरण त्यांना द्यावं, अशी विनंती मी लेखकांना केली आहे.

वाचकाने सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नये. ते बसवण्याच्या सूचनांचं आहे आणि कधीही वाचता येतं. आधी एखाद्या आज्ञेखालचा "मिळालं नाही तर" हा भाग काढावा, आपल्या कामातला एक खरा रकाना घ्यावा आणि तो कोरा असण्याची सगळी कारणं कागदावर उतरवून काढावीत. पुस्तिकेत दिली आहेत त्यापेक्षा एखादं जास्त निघालं, तर लेखकांना कळवावं. त्यासाठी शेवटी दोन पानं मुद्दाम सोडली आहेत.